अठ्ठ्याहत्तरला अठ्ठ्याहत्तर: युकॉनच्या २०२१ च्या निवडणुकीतली ईश्वरचिठ्ठी

१२ एप्रिल २०२१ ची रात्र. कॅनडाच्या वायव्य टोकाला, अलास्काला खेटून असलेल्या युकॉन प्रदेशात विधानसभेची मतमोजणी संपली होती. जागा एकूण १९. युकॉन पार्टीला ८, सत्तेत असलेल्या लिबरल पार्टीला ८ आणि न्यू डेमोक्रॅटिक पार्टीला, म्हणजे एनडीपीला, २. बेरीज केली तर १८ भरत होती. उरलेली एक जागा वुन्टुट ग्विचिन मतदारसंघाची. तिथे एनडीपीच्या अ‍ॅनी ब्लेक यांना ७८ मतं पडली होती आणि लिबरल पार्टीच्या मंत्री पॉलिन फ्रॉस्ट यांनाही ७८.

आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या निकालात असं घडलं की तहसील कार्यालयात एकच शब्द ऐकू येतो, 'ईश्वरचिठ्ठी'. एकाच मापाच्या, एकसारख्या घड्या घातलेल्या दोन चिठ्ठ्या, एखादी रिकामी बरणी, गर्दीतून पुढे आणलेलं एखादं लहान पोर आणि श्वास रोखून उभे असलेले दोन्ही पॅनलचे लोक. युकॉनच्या कायद्यातही हीच वाट आहे. फरक इतकाच की तिथे सरपंचपद नव्हे, तर महाराष्ट्राच्या दीडपट क्षेत्रफळ असलेल्या प्रदेशाच्या सरकारचा हिशेब त्या चिठ्ठीला बांधला गेला होता.

या प्रकरणाबद्दल बाहेर बरंच लिहिलं गेलं ते 'नशिबानं सरकार ठरवलं' अशा थाटात. ते अर्धवट आहे. चिठ्ठी हा या प्रकरणातला सर्वांत सरळ, सर्वांत स्वच्छ टप्पा होता. खरी गुंतागुंत तिच्या आधीची आणि नंतरची आहे: इतक्या थोड्या माणसांना एक अख्खी जागा का द्यायची, आणि त्या माणसांत कोणाला धरायचं.

जिथे रस्ता जात नाही

युकॉनचं क्षेत्रफळ सुमारे ४ लाख ८२ हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचं ३ लाख ८ हजारांच्या आसपास. २०२१ च्या जनगणनेत युकॉनची लोकसंख्या होती ४०,२३२. एखाद्या मध्यम तालुक्याच्या गावात मावतील एवढी माणसं. सरासरी काढली तर बारा चौरस किलोमीटरला एक माणूस येतो, पण ही सरासरी फसवी आहे, कारण त्यातली २८ हजारांहून जास्त माणसं एकट्या व्हाइटहॉर्स या राजधानीत राहतात. बाकीची उरलेल्या अफाट मुलखात, दोन गावांमध्ये शेकडो किलोमीटरचं अंतर ठेवून.

या उरलेल्यांतही वुन्टुट ग्विचिन मतदारसंघाचं गाव, ओल्ड क्रो, वेगळं. आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला, पॉर्क्युपाइन नदीच्या काठावर वसलेलं हे गाव. २०२१ ची लोकसंख्या २३६. युकॉनमधली बाकी सगळी गावं कुठल्या ना कुठल्या रस्त्यानं जोडलेली आहेत, ओल्ड क्रो नाही. पीठ, दूध, डिझेल, घराचे पत्रे, शाळेची वह्या-पुस्तकं आणि मतपत्रिका, सगळं विमानानं येतं. ज्या एअर नॉर्थ कंपनीची विमानं हे आणतात तिच्यात ग्विचिन या इथल्या मूळनिवासी लोकांच्या विकास महामंडळाची ४९ टक्के भागीदारी आहे. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्या गावाला रस्ता मिळाला नाही त्यानं विमान कंपनीतच वाटा घेतला.

वुन्टुट ग्विचिन म्हणजे तळ्यांकाठची माणसं. गावाच्या उत्तरेला क्रो फ्लॅट्स नावाचा हजारो तळ्यांचा सपाट पाणथळ मुलूख आहे, त्यावरून हे नाव. एप्रिलमध्ये, म्हणजे ही निवडणूक झाली तेव्हा, पॉर्क्युपाइन नदी अजून गोठलेलीच असते. तिचा बर्फ फुटतो तो साधारण मे महिन्यात. वसंत लागला की कुटुंबं मस्करॅट हा पाणथळीतला उंदरासारखा प्राणी पकडायला क्रो फ्लॅट्सवर जातात, आणि त्याच सुमाराला कॅरिबूंचे, म्हणजे रेनडिअर जातीच्या हरणांचे, कळप उत्तरेकडे, अलास्काच्या किनाऱ्याकडे सरकू लागतात. २०१७ च्या मोजणीत पॉर्क्युपाइन कळपात सुमारे २ लाख १८ हजार कॅरिबू होते. गावातल्या एका माणसामागे नऊशेहून जास्त. हे मांस गावाचं अन्न आहे, त्याचं कातडं कपडा आहे, आणि त्या कळपाची वाट ही गावाची दिनदर्शिका आहे.

कॅरिबू व्यायला जातात ती जागा सीमेपलीकडे, अमेरिकेच्या आर्क्टिक अभयारण्यात. त्या जमिनीखाली तेल असल्याचा अंदाज आहे, आणि ते काढू द्यायचं की नाही यावर ग्विचिन लोक कित्येक दशकं वॉशिंग्टनपर्यंत जाऊन झगडत आले आहेत. निवडणुकीच्या तीनच महिने आधी, ६ जानेवारी २०२१ ला, ट्रम्प प्रशासनानं तिथल्या भूखंडांचा लिलाव केला. दोन आठवड्यांनी बायडन यांनी शपथ घेतल्या दिवशीच त्या कामाला स्थगिती दिली. २०१९ मध्ये याच गावानं हवामान आणीबाणी जाहीर केली होती. तेव्हा '१५६ मतांचं गाव' असा शब्द कुणी वापरला की माझ्या डोळ्यांपुढे हे सगळं येतं. या गावाच्या राजकारणाचा पल्ला त्याच्या मतदारयादीपेक्षा फार लांबचा आहे.

एकोणीस जागांची मांडणी

युकॉन हा प्रांत नव्हे, टेरिटरी आहे. प्रांतांना त्यांचे अधिकार संविधानातून मिळतात, टेरिटरीला ते संसदेच्या कायद्यानं मिळतात. क्लोंडाइकच्या सोन्याच्या लाटेत, १८९८ मध्ये, युकॉन वेगळा प्रदेश झाला, पण कारभार ओटावानं, म्हणजे केंद्र सरकारनं, नेमलेल्या कमिशनरच्या हाती राहिला. निवडून आलेल्या लोकांच्या मंत्रिमंडळाकडे खरा कारभार आला तो १९७९ मध्ये, आणि जमीन, खाणी, पाणी यांचे अधिकार २००३ मध्ये. तिन्ही उत्तरी टेरिटरींपैकी फक्त युकॉनमध्ये पक्षांच्या नावानं निवडणूक होते. शेजारच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज आणि नुनावुत इथे सगळे अपक्ष निवडून येतात आणि आपसांतून मुख्यमंत्री निवडतात. त्यामुळे ७८-७८ ही बरोबरी तिकडे झाली असती तर एका जागेची बातमी ठरली असती. युकॉनमध्ये ती पक्षांच्या तराजूत जाऊन बसली.

२०२१ मध्ये १९ पैकी ११ जागा व्हाइटहॉर्स शहराच्या होत्या आणि ८ बाहेरच्या. बाहेरच्या आठांत वुन्टुट ग्विचिन सर्वांत लहान. शहरातल्या मतदारसंघात निवडून यायला कित्येक शे मतं लागतात, इथे ७८ मतांवर उमेदवार विजयाच्या उंबरठ्यावर असतो.

इथली लढत आधीपासून चुरशीची. २०१६ मध्ये पॉलिन फ्रॉस्ट ही जागा जिंकल्या त्या अवघ्या सात मतांनी. आणि त्याहून जुनी गोष्ट म्हणजे १९९६ मध्येही वुन्टुट ग्विचिनमध्ये बरोबरी झाली होती आणि तेव्हाही चिठ्ठीच काढावी लागली होती. एनडीपीचे रॉबर्ट ब्रूस त्या चिठ्ठीनं आमदार झाले आणि पुढे विधानसभेचे अध्यक्ष. त्या वेळी सरकारवर काही परिणाम नव्हता, कारण एनडीपीला तसंही बहुमत होतं. पंचवीस वर्षांत एकाच मतदारसंघात दोनदा चिठ्ठी निघते हा दैवी योग नव्हे. मतदार दीड-दोनशे असतील तर बरोबरीची शक्यता हजारोंच्या मतदारसंघापेक्षा कितीतरी मोठी असते. कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून तर तरतूद तयार होती.

दोन उमेदवार

मुख्यमंत्री सँडी सिल्व्हर यांनी १२ मार्च २०२१ ला निवडणूक जाहीर केली. २०१६ मध्ये त्यांच्या लिबरल पार्टीनं १९ पैकी ११ जागा घेऊन युकॉन पार्टीची चौदा वर्षांची सत्ता संपवली होती. आता समोर युकॉन पार्टीचे नवे नेते करी डिक्सन होते, एनडीपीच्या नेत्या केट व्हाइट होत्या, आणि सगळ्यावर कोविडची छाया.

फ्रॉस्ट यांच्याकडे आरोग्य आणि समाजकल्याण खातं होतं, शिवाय पर्यावरण. महासाथीच्या वर्षात आरोग्यमंत्री असणं म्हणजे सतत राजधानीत असणं. अ‍ॅनी ब्लेक ओल्ड क्रोच्या. दोघीही ग्विचिन, दोघीही गावच्या ओळखीच्या. २३६ वस्तीच्या गावात प्रचार म्हणजे सभा आणि फलक नव्हेत. तिथे प्रत्येक दार नात्याचं किंवा शेजाराचं. मत कुणाला दिलं हे गुप्त राहतं, पण कुणाला दिलं नाही याचा अंदाज सगळ्यांना असतो. लहान गावातली निवडणूक ज्यानं पाहिली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. निकालानंतरही हरलेल्या आणि जिंकलेल्या माणसांना त्याच एका दुकानात, त्याच एका विमानात शेजारी बसायचं असतं.

राजधानीत बसून पाहणाऱ्याला वाटतं की अशा जागी लोक माणूस बघून मत देतात, पक्ष नाही. मला ते पूर्ण पटत नाही. मंत्री असलेली व्यक्ती आपली आमदार असणं हे गावासाठी वजनाचं असतं, आणि तरीही अर्ध्या गावानं ते वजन सोडायची तयारी दाखवली. आमदार सत्तेजवळ असावी की गावाजवळ, हा प्रश्न ओल्ड क्रोनं अगदी मधोमध चिरला.

फेरमोजणी आणि चिठ्ठी

युकॉनच्या कायद्यानुसार मतांमधला फरक दहा किंवा त्याहून कमी असेल, किंवा बरोबरी असेल, तर फेरमोजणी आपोआप होते. कुणी अर्ज करायची गरज नाही. ती न्यायाधीशांपुढे होते, निवडणूक अधिकारी एकटे बसून करत नाहीत. १९ एप्रिलला प्रत्येक मतपत्रिका पुन्हा पाहिली गेली. निकाल तोच, ७८ आणि ७८.

हजारो मतांच्या मोजणीत फेरमोजणी बहुतेक वेळा थोडा तरी आकडा हलवते. कुठे खूण रेषेवर असते, कुठे गठ्ठा चुकलेला असतो. इथे दीडशे कागद होते. दोन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या डोळ्यांनी तपासूनही एकही मत इकडचं तिकडे झालं नाही. म्हणजे पहिल्या मोजणीला बसलेल्या माणसांनी आपलं काम चोख केलं होतं. निकालाच्या गदारोळात या माणसांची कुणी आठवण ठेवली नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

मग कायद्याप्रमाणे त्याच दिवशी चिठ्ठी काढली गेली. नाव निघालं अ‍ॅनी ब्लेक.

एका मंत्र्याची आमदारकी गेली. एनडीपीच्या जागा २ वरून ३ झाल्या. विधानसभा ८-८-३ अशी उभी राहिली.

चिठ्ठीला पर्याय नव्हता असं नाही. खुद्द कॅनडाच्या संघराज्य पातळीवर, म्हणजे ओटावाच्या लोकसभेसाठी, न्यायाधीशांच्या फेरमोजणीनंतरही बरोबरी राहिली तर पुन्हा निवडणूक घेतात. युकॉननं तसं केलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करा. सरकार कोणाचं हे ठरायला आणखी कित्येक आठवडे लागले असते, आणि त्या दुसऱ्या निवडणुकीत २३६ वस्तीच्या गावावर तिन्ही पक्षांचे नेते, पैसा, आश्वासनं आणि पत्रकार विमानं भरभरून उतरले असते. पहिल्या खेपेला गावानं आपल्या आमदाराचा विचार करून मत दिलं, दुसऱ्या खेपेला त्यांना अख्ख्या प्रदेशाचं सरकार खांद्यावर घेऊन मत द्यावं लागलं असतं. शेजाऱ्याशेजाऱ्यात जी तेढ त्यातून आली असती ती पिढीभर निस्तरली नसती. म्हणून मला युकॉनचाच मार्ग बरा वाटतो. चिठ्ठी कुणाची नातलग नसते, तिच्यावर राग धरता येत नाही.

भारतातही हाच मार्ग आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६५ नुसार बरोबरी झाली तर निवडणूक निर्णय अधिकारी लगेच चिठ्ठी काढतात, आणि ज्याच्या बाजूनं ती निघेल त्या उमेदवाराला एक जादा मत मिळालं असं धरलं जातं. ही कल्पना मला फार सुरेख वाटते. कायदा 'नशीब' हा शब्द वापरत नाही, तो एक मत वाढवून देतो. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शाह यांना ५,९४६ अशी सारखी मतं पडली आणि चिठ्ठीनं शाह जिंकले. शिवसेना ८४, भाजप ८२ हा तेव्हाचा गाजलेला आकडा त्या चिठ्ठीनंतरचा आहे. ती उलटी पडली असती तर ८५ आणि ८१ झाले असते.

चिठ्ठीनं नेमकं काय ठरवलं

'एका चिठ्ठीनं सरकार ठरलं' हे वाक्य इथे तपासून पाहायला हवं.

समजा फ्रॉस्ट यांचं नाव निघालं असतं. लिबरल ९, युकॉन पार्टी ८, एनडीपी २. एकोणीसच्या सभागृहात बहुमताला १० लागतात. म्हणजे तेव्हाही कुणालाच बहुमत नाही आणि किल्ली तेव्हाही एनडीपीकडेच. लिबरल आणि एनडीपी मिळून ११, युकॉन पार्टी आणि एनडीपी मिळून १०. ब्लेक जिंकल्यावर दोन्ही जोड्या ११-११ झाल्या. म्हणजे चिठ्ठीनं किल्ली कोणाच्या हाती द्यायची ते ठरवलं नाही, ती किल्ली जड केली.

फरक पडला तो असा. ९-८ झालं असतं तर सत्तेतला पक्षच सर्वांत मोठा राहिला असता आणि सिल्व्हर यांचा पहिला हक्क निर्विवाद असता. शिवाय युकॉन पार्टीला एनडीपीच्या मदतीनं जेमतेम १० गाठता आले असते, त्यातला एक अध्यक्षाच्या खुर्चीत गेला की सभागृहात ९ विरुद्ध ९. असं सरकार दर मतदानाला धापा टाकत चाललं असतं. प्रत्यक्षात ८-८ झालं, दोन्ही जोड्या सारख्याच भक्कम झाल्या, आणि केट व्हाइट यांना दोन्ही बाजूंशी खरोखरीची बोलणी करता आली. मतांच्या टक्केवारीतही पेच होताच. युकॉन पार्टीला सुमारे ३९ टक्के मतं होती, लिबरलना ३२, एनडीपीला २८. सर्वांत जास्त मतं मिळवणारा पक्ष म्हणू शकत होता की कौल आमच्या बाजूनं आहे.

२८ एप्रिलला लिबरल आणि एनडीपी यांचा करार जाहीर झाला. एनडीपी मंत्रिमंडळात गेली नाही, पण अर्थसंकल्प आणि विश्वासमताला पाठिंबा देईल असं ठरलं. त्या बदल्यात तिनं जे मागून घेतलं ते कागदावर राहिलं नाही. किमान वेतन त्याच १ ऑगस्टपासून ताशी १५.२० डॉलर झालं. घरभाड्याच्या वाढीवर महागाईशी बांधलेली मर्यादा आली. व्हाइटहॉर्समध्ये अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्यांचे जीव वाचवण्यासाठी देखरेखीखालचं केंद्र सप्टेंबरमध्ये उघडलं. हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात २०३० पर्यंत ४५ टक्के कपात हे उद्दिष्ट ठरलं. निवडणूक पद्धतीत बदल करायचा का, याचाही विचार सुरू झाला.

राजधानीत भाड्यानं राहणाऱ्या एखाद्या हॉटेल कामगाराच्या हातात ऑगस्टच्या अखेरीस जास्त पगार पडला, तेव्हा त्याचा ओल्ड क्रोशी काही संबंध आहे हे त्याच्या ध्यानातही आलं नसेल. पण संबंध होता. दोन आमदारांच्या एनडीपीला हे सगळं इतक्या झपाट्यानं पदरात पाडून घेता आलं असतं, असं मला वाटत नाही.

इतक्या थोड्या मतांची जागा असावी का

हा प्रश्न निकालानंतर व्हाइटहॉर्समध्ये पुन्हा निघाला. शहरातला मतदार म्हणतो, माझ्या एका मताची किंमत ओल्ड क्रोच्या मताच्या कितीतरी पट कमी का? प्रश्न रास्त आहे, उडवून लावण्यासारखा नाही.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये सास्काचेवान प्रांताच्या मतदारसंघांच्या प्रकरणात याचं उत्तर दिलं आहे. मताधिकाराचा गाभा मतांची तंतोतंत समानता हा नाही, परिणामकारक प्रतिनिधित्व हा आहे, असं न्यायालयानं म्हटलं. समानता हे पहिलं माप, पण भूगोल, समाजाचा इतिहास, सामायिक हितसंबंध आणि अल्पसंख्याकांचं प्रतिनिधित्व यांसाठी त्यात फरक करता येतो.

ओल्ड क्रोला हे माप लावून बघा. त्याला दुसऱ्या मतदारसंघात जोडायचं तर जवळचं गावही कित्येक शे किलोमीटर दूर आणि रस्ता नाहीच. तो आमदार दुसऱ्याच नदीकाठचा, दुसऱ्याच फर्स्ट नेशनचा, म्हणजे दुसऱ्याच मूळनिवासी समाजाचा, रस्त्यांचे आणि खाणींचे प्रश्न घेऊन फिरणारा असणार. ओल्ड क्रोचं डिझेल, कॅरिबू, विमानभाडं, वितळत चाललेली जमीन हे त्याच्या यादीत तळाला जाणार. आपल्याकडे लक्षद्वीपला सुमारे अर्ध्या लाख मतदारांवर लोकसभेची एक जागा आहे आणि तेलंगणातल्या मल्काजगिरीत तीस लाखांवर मतदार आहेत, तरी लक्षद्वीपची जागा केरळात विलीन करा असं कुणी गांभीर्यानं म्हणत नाही. समुद्र मध्ये आहे हे सगळ्यांना दिसतं. ओल्ड क्रोभोवतीही समुद्रच आहे, तो गोठलेला आणि झाडाझुडपांचा आहे एवढंच.

आणि एक गोष्ट आकड्यांत येत नाही. १९९३ मध्ये वुन्टुट ग्विचिननं सरकारशी जमीन आणि स्वशासनाचा करार केला, तो १९९५ मध्ये अमलात आला. कॅनडाशी असा करार करणाऱ्या पहिल्या काही फर्स्ट नेशन्सपैकी ती एक. विधानसभेतली जागा ही त्या लोकांना दिलेली मेहेरबानी नाही. ज्यांच्या भूमीवर विधानसभा उभी आहे त्यांच्याशी रोजचा व्यवहार करण्याचं ते एक दार आहे. शहरातल्या मतदाराची तक्रार दूर करायची तर शहरात जागा वाढवाव्यात. २०१८ मध्ये सीमा आयोगानं विसावी जागा सुचवली होती, ती विधानसभेनं नाकारली. पुढे २०२५ साठी जागा २१ केल्या गेल्या. हा उपाय योग्य दिशेचा आहे, ओल्ड क्रोची जागा काढणं हा नाही.

गावचा कोण

चिठ्ठीनं प्रकरण संपलं नाही. फ्रॉस्ट न्यायालयात गेल्या. तक्रार चिठ्ठीविरुद्ध नव्हती. गावाबाहेर असलेल्या एका मतदाराचं मत ओल्ड क्रोचं धरायला नको होतं, तो तिथला रहिवासी नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. एक मत बाद झालं असतं तर बरोबरीच राहिली नसती. युकॉनच्या सर्वोच्च न्यायालयानं अर्ज फेटाळला आणि ब्लेक यांची निवड कायम राहिली.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा कणा इथे आहे. ओल्ड क्रोमध्ये माणसं जन्मभर एका जागी राहू शकत नाहीत. बाळंतपणाला व्हाइटहॉर्सला जावं लागतं. मोठ्या इस्पितळाला तिकडेच. शाळेच्या वरच्या इयत्ता, कॉलेज, नोकरी, सगळं तिकडे. माणूस वर्षानुवर्षं शहरात राहतो आणि तरी तो ओल्ड क्रोचाच असतो. कोकणातला चाकरमानी मुंबईत हयात घालवतो, पण त्याला गाव विचारा, तो मालवण किंवा गुहागरच सांगतो. त्याचं नाव यादीत कुठे असावं हा वाद आपल्याकडेही दर पंचायत निवडणुकीत निघतोच. तिकडे फरक एवढाच की एका नावावर बरोबरी टिकते की मोडते.

हाच प्रश्न गावाच्या स्वतःच्या कारभारातही होता. वुन्टुट ग्विचिनच्या संविधानात अट आहे की प्रमुख किंवा परिषदेचा सदस्य म्हणून निवडून आलेल्यानं ओल्ड क्रोमध्येच राहिलं पाहिजे, बाहेर असेल तर निवडीनंतर १४ दिवसांत यायला पाहिजे. व्हाइटहॉर्समध्ये राहणाऱ्या एका नागरिकानं या अटीला आव्हान दिलं. प्रकरण ओटावाला सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्च २०२४ मध्ये निकाल लागला. अट वैयक्तिक समानतेच्या हक्काला बाधा आणते हे बहुमतानं मान्य केलं, पण ती फर्स्ट नेशनच्या सामूहिक हक्काचा भाग म्हणून संरक्षित आहे, असं ठरवलं. नेतृत्व त्या भूमीवरच राहिलं पाहिजे, हे म्हणण्याचा हक्क त्या लोकांना आहे.

मत देणाऱ्याचं गाव कोणतं याबाबत सैल राहायचं आणि नेतृत्व करणाऱ्याचं गाव कोणतं याबाबत घट्ट. वरवर विसंगत वाटेल, पण ज्यांची निम्मी माणसं पोटासाठी आणि औषधासाठी बाहेर असतात त्यांनी दुसरं काय करायचं? बाहेरच्यांचं मत तोडलं तर गाव आकसतं. कारभारी बाहेर गेला तर गाव पोकळ होतं.

नंतर

ब्लेक यांनी विधानसभेत जागा घेतली. सिल्व्हर यांनी २०२२ मध्ये पायउतार व्हायचं जाहीर केलं आणि जानेवारी २०२३ मध्ये रंज पिल्लई मुख्यमंत्री झाले. त्यांच्या वडिलांचं कुळ केरळातलं. कॅनडात भारतीय वंशाचा मुख्यमंत्री होण्याची ती दुसरी वेळ होती, ब्रिटिश कोलंबियाच्या उज्ज्वल दोसांझ यांच्यानंतरची. एनडीपीनं त्यांच्याशीही पाठिंब्याचा करार केला.

पॉलिन फ्रॉस्ट नोव्हेंबर २०२२ मध्ये वुन्टुट ग्विचिन फर्स्ट नेशनच्या प्रमुख म्हणून निवडून आल्या. चिठ्ठीनं विधानसभेतून बाहेर गेलेली बाई दीड वर्षात आपल्याच लोकांच्या सरकारची प्रमुख झाली, आणि त्या अटीप्रमाणे तिचं घर ओल्ड क्रोमध्ये असणं आलं. आमदार एक ग्विचिन बाई, प्रमुख दुसरी, दोघींचा कारभार त्याच दोनशे छत्तीस माणसांशी बांधलेला. २०२१ च्या एप्रिलमध्ये गावानं दोघींमध्ये निवड करायला नकार दिला होता, असं म्हटलं तर ते फार चुकणार नाही.

निवडणूक पद्धतीचा विचारही पुढे सरकला. नागरिकांची सभा बसली, तिनं पसंतीक्रमानं मत देण्याची पद्धत सुचवली, आणि ३ नोव्हेंबर २०२५ च्या निवडणुकीबरोबर त्यावर लोकांचा कौल घेतला गेला. बहुमत त्या पद्धतीच्या बाजूनं पडलं. त्याच दिवशी करी डिक्सन यांच्या युकॉन पार्टीनं २१ जागांच्या सभागृहात स्पष्ट बहुमत मिळवलं.

पसंतीक्रमाच्या पद्धतीत सर्वांत मागचा उमेदवार बाद होत जातो, त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात आणि शेवटी दोघं उरतात. त्या दोघांना ओल्ड क्रोमध्ये ७८ आणि ७८ मतं पडली, तर दोन चिठ्ठ्या पुन्हा घडी घालाव्या लागतील.